तबकडी तीच, कान दुसरे

शिकागोतल्या म्युझिक बॉक्स या क्लबातली, १९८५च्या आसपासच्या एका रात्रीची गोष्ट इलेक्ट्रॉनिक संगीताच्या चाहत्यांमध्ये अजून सांगितली जाते. डीजे पिअर आणि त्याचे दोन मित्र, स्पँकी आणि हर्ब जे, यांनी एका जपानी यंत्राच्या खुंट्या पिळत दहा मिनिटांहून लांब असा एक आवाज कॅसेटवर उतरवला होता. त्यात शब्द नव्हते, गुणगुणता येईल अशी धून नव्हती. खाली एकसारखा ठोका आणि वर चिखलातून बुडबुडे यावेत तसा, मध्येच किंचाळणारा, मध्येच घुसमटणारा खर्ज. क्लबाचा डीजे रॉन हार्डी याने ती कॅसेट लावली आणि नाचणारी मंडळी बाजूला झाली. हार्डीने ती काही वेळाने पुन्हा लावली. मग तिसऱ्यांदा. पिअर सांगतो की चौथ्यांदा ती वाजली तेव्हा लोक बेभान झाले होते.

एका रात्रीत, चार खेपांत मत उलटलं. पहिल्या खेपेला ते कान त्या आवाजात काहीतरी ओळखीचं शोधत असणार. एखादा गळा, एखादा पियानो, घरी जाताना ओठांवर राहील अशी एखादी ओळ. चौथ्या खेपेपर्यंत शोधणं थांबलं होतं आणि तो बुडबुडाच ओळखीचा झाला होता. १९८७ साली ‘फ्युचर’ या त्रिकुटाच्या नावाने ट्रॅक्स कंपनीने तो आवाज तबकडीवर काढला आणि अ‍ॅसिड हाऊस नावाचा एक अख्खा प्रकार उभा राहिला.

हेच यंत्र मुंबईत त्याआधी काही वर्षं पोचलं होतं. तिथे त्यावर तयार झालेल्या एका तबकडीला अडगळीतून कौतुकापर्यंत यायला मात्र २८ वर्षं लागली, आणि आजही तिच्याविषयी दोन श्रोत्यांचं एकमत होईल असं नाही.

यंत्राचं नाव टीबी-३०३. रोलँड या जपानी कंपनीसाठी तादाओ किकुमोतो यांनी ते घडवलं आणि १९८१च्या अखेरीस ते बाजारात आलं. कल्पना साधी होती. एकटा गिटारवादक घरी रियाझ करतो, त्याला साथीला बेस हवा असतो आणि दर वेळी साथीदार मिळत नाही. त्याच्यासाठी हे चंदेरी, चपटं खोकं बेस वाजवणार होतं. १६ घरांचा एक साचा. प्रत्येक घरात एक सूर भरायचा, तो ठासून वाजवायचा की नाही हे सांगायचं, आणि एका सुरावरून पुढच्यावर घसरत जायचं असेल तर तेही सांगायचं. साथीदार म्हणून हे यंत्र साफ पडलं. सूर भरण्याची रीत किचकट होती आणि आवाज बेस गिटारशी जराही जुळत नव्हता. सुमारे १०,००० यंत्रं बनवून कंपनीने १९८४ मध्ये उत्पादन थांबवलं. मग ती जुन्या मालाच्या दुकानांत पडून राहिली, आणि स्वस्तात मिळाली म्हणूनच शिकागोच्या त्या पोरांच्या हाती लागली.

मुंबईत ते पोचवणारे चरणजित सिंग स्वतःही साथीचेच कलावंत होते. हिंदी सिनेसंगीताच्या रेकॉर्डिंगमध्ये बेस गिटार, गिटार, ट्रान्झिकॉर्ड असं जे हातात येईल ते सफाईने वाजवणारे. शंकर-जयकिशन, एस. डी. बर्मन, आर. डी. बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल अशा संगीतकारांकडे त्यांनी वाजवलं. ताडदेवचं फेमस असो की वांद्र्याचं मेहबूब, त्या काळातल्या स्टुडिओंमध्ये शंभर-शंभर वादकांचा ताफा बसायचा. रेकॉर्डच्या वेष्टनावर नावं यायची ती गायकाची, गीतकाराची, संगीतकाराची. ज्यांच्या वाजवण्यावर गाणं उभं असायचं त्या माणसांची नावं शोधायला पुढे अभ्यासकांना जुन्या वादकांच्या घरी जाऊन बसावं लागलं. रेकॉर्डिंगखेरीज सिंग यांचा स्वतःचा बँड होता, लग्नसमारंभांत तो वाजायचा, आणि सिनेगीतांच्या वाद्यधुनांच्या काही तबकड्याही त्यांच्या नावावर होत्या. नवं वाद्य दिसलं की ते घेतल्याशिवाय त्यांना राहवत नसे. सिंगापूरहून त्यांनी तीन यंत्रं आणली: ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३.

तो काळ डिस्कोने भारलेला होता. १९८० साली ‘कुर्बानी’तलं बिड्डूंच्या संगीतातलं नाझिया हसनचं गाणं घरोघरी पोचलं होतं, १९८१ मध्ये तिचाच ‘डिस्को दीवाने’ आला, १९८२च्या डिसेंबरात ‘डिस्को डान्सर’ यायचा होता. सिंग यांनी नंतर मुलाखतींत सांगितलेला विचार अगदी सरळ आहे. सिनेमात सगळीकडे डिस्कोच चालला होता, तेव्हा त्याच ठेक्यावर काही वेगळं करावं. तबला बाजूला ठेवावा, डिस्कोचा ठोका घ्यावा आणि वर राग वाजवावेत. १९८२ मध्ये एचएमव्हीने ती तबकडी काढली. दहा तुकडे, प्रत्येक साधारण पाच मिनिटांचा. ललित, तोडी, मधुवंती, यमन, भूपाली, कलावती, मालकंस, बैरागी अशी रागांचीच नावं तुकड्यांना दिलेली. मथळ्याचा आशय, डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग.

ती खपली नाही. दुकानांतून निघून गेली आणि विस्मरणात गेली.

का खपली नाही, याचा विचार करताना त्या काळच्या श्रोत्याला अरसिक ठरवण्याचा मोह होतो, आणि तो अन्यायाचा आहे. १९८२ साली ही तबकडी हातात घेणारा माणूस कोण असू शकला असता? डिस्कोचा शौकीन ती घ्यायचा तर त्याला गाणं हवं होतं, नाझियाचा किंवा उषा उथुप यांचा आवाज हवा होता. इथे पाच-पाच मिनिटं नुसती सुरांची धावपळ. रागसंगीताचा रसिक ती घ्यायचा तर त्याचा कान वेगळ्याच गोष्टींवर घडलेला. ललित म्हटलं की त्याच्या मनात पहाट येते, पंचम नसलेल्या त्या रागात शुद्ध आणि तीव्र मध्यम एकमेकांना खेटून येतात तेव्हाची हुरहुर येते. तोडी म्हटलं की त्याला पेटीच्या पट्टीत न मावणारा, जरा खालीच झुकलेला कोमल गंधार हवा असतो. यंत्राला तो गंधार ठाऊक नाही. त्याच्या सप्तकाचे बारा सारखे तुकडे आधीच पाडून ठेवलेले. सवाई गंधर्व महोत्सवात रात्रभर बसून सकाळी तोडी ऐकणाऱ्या माणसाला या तबकडीतली तोडी टोचली, तर त्याचं टोचणं खरं आहे. ते नीट शिकलेल्या कानाचं टोचणं आहे.

तरीही या रसिकाच्या आक्षेपांतला एक आक्षेप टिकत नाही. पाच मिनिटांत कसला राग, असं म्हणावं तर अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ज्या ध्वनिमुद्रिकांवर महाराष्ट्रातल्या कित्येक घरांचे कान पोसले गेले त्या सव्वातीन मिनिटांच्या आतबाहेरच्याच आहेत. वेळेचं बंधन रागाने केव्हाच सोसलं होतं आणि त्यातून उत्तम गाणं दिलंही होतं.

दुसरा आक्षेप जास्त खोल जातो, आणि तो मराठी माणसाला फार ओळखीचा आहे. पट्ट्यांच्या वाद्यावर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, येत नाही, हा तो आक्षेप. पेटीवर हाच आरोप होता. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीला दार बंद केलं. ते उघडायला १९७१ साल उजाडलं आणि तेही सुरुवातीला साथीपुरतंच. या तीन दशकांत रेडिओबाहेरच्या महाराष्ट्रात काय चाललं होतं? संगीत नाटकाच्या पिटात ऑर्गन गर्जत होता, गोविंदराव टेंब्यांच्या बोटांची कीर्ती जुनी जाणती माणसं सांगत होती, आणि गावोगावच्या भजनी मंडळात पेटीशिवाय पान हलत नव्हतं. जे वाद्य सरकारी कानाला परकं होतं ते लोकांच्या कानात इतकं मुरलं होतं की ते परदेशातून आलं हेही कुणाला आठवत नव्हतं. आज ख्यालाच्या मैफलीत पेटी नसली तर श्रोता बेचैन होतो. ज्या कानांनी पेटीला सामावून घेतलं त्यांनी सिंग यांच्या ज्युपिटरला मात्र जवळ येऊ दिलं नाही, यात मोठा वाटा सहवासाचा असावा. पेटीला पिढ्यान् पिढ्या मिळाल्या. या तबकडीला जेमतेम एक हंगाम मिळाला.

शिवाय इथे एक गंमत दडलेली आहे. टीबी-३०३ला घसरता येतं. एका घरातून पुढच्या घरात जाताना सूर तोडून न घेता ओढत नेण्याची सोय त्या खोक्यात होती. ती जपानी अभियंत्याने बेस गिटारच्या तारेवरून घसरणाऱ्या बोटासाठी दिली होती. सिंग यांच्या कानाला तिच्यात मींडेची सावली दिसली असणार, कारण तबकडीभर खालचा खर्ज एका सुरातून दुसऱ्यात वितळत जातो. सतारीची मींड ही नव्हेच. पण पेटीला जे कधीच जमलं नाही ते या पडेल यंत्राला थोडंसं जमत होतं.

मग २००२ साल. एडो बाउमन हा डच संग्राहक जुन्या हिंदी तबकड्यांच्या शोधात दिल्लीत फिरत होता, तेव्हा ही तबकडी त्याच्या हाताला लागली. त्याच्यासोबत जे कान दिल्लीत आले होते ते १९८२ मध्ये जगात कुठेच नव्हते. मधल्या वीस वर्षांत शिकागोचा तो बुडबुडा लंडन, मँचेस्टर, बर्लिन, अ‍ॅमस्टरडॅम असा फिरून आला होता. त्या पडेल यंत्राची किंमत चढली होती. त्याचा आवाज ऐकला की एका अख्ख्या पिढीला आपलं तारुण्य आठवत होतं. बाउमनने सुई टेकवली आणि त्याला तोच आवाज ऐकू आला, त्याच ठोक्यावर, वेष्टनावर १९८२ हे साल छापलेलं. पुढे त्याने मुंबईत सिंग यांना शोधून काढलं आणि २०१० साली आपल्या बॉम्बे कनेक्शन या कंपनीतर्फे तबकडी पुन्हा काढली.

युरोपातल्या श्रोत्यांची पहिली प्रतिक्रिया अविश्वासाची होती. हे बनावट आहे, कुणा चलाख इंग्रज संगीतकाराने जुन्या तबकडीचं सोंग घेतलं आहे, अशी कुजबुज झाली. अ‍ॅफेक्स ट्विन या नावाने संगीत करणाऱ्या रिचर्ड जेम्सवर संशय घेतला गेला. हा संशय विरल्यावर कौतुक उसळलं आणि त्याने एक ठरावीक वाक्य धरलं: अ‍ॅसिड हाऊस शिकागोत नव्हे, मुंबईत जन्मलं.

हे वाक्य मुंबईकराच्या छातीला फुगवणारं आहे, आणि तरीही ते खोडून काढायला हवं. शिकागोच्या त्या तीन पोरांनी सिंग यांची तबकडी ऐकली असण्याचा कसलाही पुरावा नाही. त्यांनी खुंट्या पिळत पिळत आवाजाचा रंग बदलत नेला. त्यांच्या संगीताचा जीवच त्या पिळण्यात होता. सिंग यांचा जीव वरच्या सुरावटीत होता, ज्युपिटरवर हाताने वाजवलेल्या तानांत होता, आणि ३०३ खाली तीच धून फिरवत, लेहरा धरून बसलेल्या सारंगियासारखं घुमत होतं. तबलजीच्या एकल वादनात लेहरा धरणाऱ्याने जे करावं तेच. फक्त इथे लेहऱ्याच्या वर तबल्याऐवजी राग चालला होता. यंत्र एकच असलं तरी त्याला दिलेलं काम निराळं होतं. पहिला कोण, हा प्रश्न विचारला की मुंबईची तबकडी शिकागोच्या संगीताची एक तळटीप होऊन जाते, मग ती तळटीप कितीही मानाची असो.

१९८२ हेच साल घेतलं तर ८०८ या तालयंत्राच्या तीन करामती शेजारी मांडता येतात. न्यूयॉर्कमध्ये आफ्रिका बम्बाटाने क्राफ्टवर्क या जर्मन चमूच्या १९७७च्या ‘ट्रान्स-युरोप एक्सप्रेस’मधली सुरावट या यंत्राच्या ठोक्यावर बसवून ‘प्लॅनेट रॉक’ काढलं. मार्व्हिन गे याने ‘सेक्शुअल हीलिंग’ या गाण्यात याच यंत्राला कुजबुजायला लावलं. मुंबईत सिंग यांनी त्यावर मालकंस चालवला. तिघांना एकमेकांची खबर असण्याचं कारण नव्हतं. त्यांपैकी दोघांच्या श्रोत्यांना लगेच कळलं काय ऐकायचं ते, कारण एकाकडे नाचणारा रस्ता होता आणि दुसऱ्याकडे एक जुना, लाडका गळा. तिसऱ्याचा श्रोता अजून जन्माला यायचा होता, किंवा जन्मलाही असेल, पण ॲमस्टरडॅमच्या आसपास कुठेतरी शाळेत जात होता.

ज्या रिचर्ड जेम्सवर त्या बनावटीचा आळ आला, त्याच्या स्वतःच्या संगीताबद्दलही श्रोत्यांची मतं अशीच फिरत राहिली आहेत. २००१च्या ऑक्टोबरात त्याचा ‘ड्रक्स’ हा ३० तुकड्यांचा दुहेरी अल्बम आला. त्यात यंत्राच्या ढोलांचा असा भडिमार होता की सुरुवातीला अनेकांनी दमून हात टेकले; लांबलचक, विस्कळीत, फेकलेलं काम अशी टीका झाली. त्या भडिमाराच्या फटींत पियानोचे काही लहान तुकडे होते, संगणकाने चालवलेल्या पियानोवर वाजणारे. त्यांतला ‘आव्हरिल फोर्टीन्थ’ हा दोन मिनिटांचा तुकडा २००६ मध्ये सोफिया कोपोलाच्या ‘मारी आंत्वानेत’ या चित्रपटात आला, पुढे कान्ये वेस्टच्या गाण्यात शिरला, आणि आज रिचर्ड जेम्स म्हटल्यावर असंख्य माणसांना तेवढाच तुकडा आठवतो. यंत्राच्या गोंगाटासाठी शिव्या खाल्लेल्या अल्बमची ओळख एका हळुवार पियानोने व्हावी! जुने चाहते यावर हळहळतात, त्यांना त्या ढोलांची गुंतागुंतच प्रिय आहे. नव्यांना ढोल ऐकायला अजून सवड व्हायची आहे. दोघांच्या कपाटात अल्बम एकच आहे आणि तरी ते दोन वेगळे अल्बम ऐकतात.

समीक्षकांचा कान तरी स्थिर असावा अशी अपेक्षा असते. अमेरिकेतल्या पिचफोर्क या संगीत-नियतकालिकाची ख्याती अशी की ते दहापैकी गुण देतं आणि दशांश चिन्हापर्यंत देतं. डाफ्ट पंक या फ्रेंच जोडगोळीच्या ‘डिस्कव्हरी’ला त्याने २००१ साली ६.४ गुण दिले होते. जुन्या डिस्कोची चकाकी, यंत्रातून काढलेले रोबोटी गळे, सगळा गोडवा. हे जरा जास्तच सोपं वाटलं असावं. वीस वर्षांनी, २०२१ मध्ये, त्याच नियतकालिकाने आपल्या काही जुन्या निकालांची उघड फेरतपासणी केली आणि ‘डिस्कव्हरी’ला पुरे १० गुण दिले. त्याच फेरतपासणीत याच जोडगोळीच्या २०१३च्या ‘रँडम अ‍ॅक्सेस मेमरीज’चे गुण ८.८ वरून ६.८ वर आले. ज्या अल्बमला २०१४ मध्ये वर्षातला सर्वोत्तम अल्बम म्हणून ग्रॅमी मिळाला होता, त्याचे.

आधी दिलेले गुण चुकले होते का? तसं म्हणणं सोपं आहे, पण ते पटत नाही. २००१ साली ‘डिस्कव्हरी’ ऐकणाऱ्याच्या कानात नव्वदच्या दशकाचं रांगडं, घामट टेक्नो वाजत होतं, आणि त्याच्या शेजारी हा अल्बम बाळसेदार, खेळकर वाटणं साहजिक होतं. पुढच्या वीस वर्षांत निम्मं जग त्याच खेळकरपणाची नक्कल करायला लागलं. नकला इतक्या झाल्या की मूळ अल्बम उगमासारखा दिसू लागला. त्या ६.४ मध्ये २००१ची खोली बंद आहे. तिचा वास घ्यायचा असेल तर तो आकडा जपून ठेवावा, खोडू नये. ‘रँडम अ‍ॅक्सेस मेमरीज’चं घसरणं मात्र जिवाला लागतं. त्या अल्बमात यंत्रांच्या या दोन भक्तांनी यंत्रं मागे सारून स्टुडिओतल्या साथीदारांना पुढे आणलं होतं: बेसवर नेथन ईस्ट, ढोलांवर ओमर हकीम, गिटारवर नाइल रॉजर्स. वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या गाण्यांना खांदा दिलेली माणसं. त्यांची नावं तिथे ठळक छापली गेली. गुणांची घसरण सोसूनही तो अल्बम जवळचा वाटत असेल तर त्याचं एक कारण हे असावं.

सिंग यांच्यासोबत आणखी एका तबकडीचं नाव घ्यायला हवं. रूपा बिस्वास या बंगाली गायिकेने कॅनडातल्या कॅल्गरी शहरात ‘डिस्को जॅझ’ ध्वनिमुद्रित केला. सरोदवर आशिष खाँ, सोबत गिटार आणि सिंथेसायझर. तोही १९८२ मध्ये भारतात निघाला आणि तोही पडला. कित्येक वर्षांनी त्यातलं ‘आज शनिबार’ जगभर पसरलं आणि २०१९ साली न्यूमेरो ग्रुप या अमेरिकी कंपनीने अल्बम पुन्हा काढला. मधली साडेतीन दशकं रूपा यांनी कशी काढली असतील, याचा विचार मनातून जात नाही. उशिरा आलेल्या टाळ्या टाळ्याच असतात. पण ज्या वयात त्या पुढच्या अल्बमचं बळ देतात ते वय तोवर निघून गेलेलं असतं. पुन्हा सापडलेल्या तबकड्यांच्या आनंदकथा सांगताना न निघालेल्या तबकड्यांचा हिशेब कुणी मांडत नाही.

चरणजित सिंग यांच्या वाट्याला आलेला काळही असाच थोडा होता. सत्तरी ओलांडल्यावर ते युरोपातल्या मंचांवर गेले आणि तरुण पोरापोरींसमोर त्यांनी तेच राग वाजवले. २०१५च्या जुलैमध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं. त्या मंचांसमोर नाचणाऱ्या बहुतेकांना मालकंसात ऋषभ आणि पंचम नसतात हे ठाऊक नसणार, आणि ते ठाऊक नसल्याने त्यांचं काही बिघडलंही नाही. त्यांना खालचा खर्ज कळत होता. इकडे पुण्या-मुंबईतल्या कानाला वरची सुरावट कळते आणि खालचा खर्ज यांत्रिक वाटतो. दोन्हीकडचे श्रोते अर्धी अर्धी तबकडी ऐकत आले आहेत.

तिला तिच्या जागी ठेवून ऐकायचं तर तोडीपासून सुरुवात करू नये, तिथे यंत्र कमीच पडतं. मालकंस, भूपाली, कलावती, बैरागी हे पाच सुरांचे राग त्या पट्ट्यांवर जास्त मोकळे होतात. कलावती लावावा. पहिल्या वेळी वरच्या ताना ऐकाव्यात. त्या जलद आहेत, क्वचित घाईच्याही, एखाद्या लग्नाच्या मांडवात समोरचा जमाव बघून वाजवणाऱ्या सराईत हाताच्या आहेत. दुसऱ्या वेळी वरचं सगळं सोडून द्यावं आणि फक्त ३०३ ऐकत जावं. आयुष्यभर बेस वाजवलेल्या माणसाने इथे आपली जागा त्या खोक्याला दिली आहे आणि स्वतः पुढे येऊन बसला आहे. वर हात कुठेही भटको, गंधारावर रेंगाळो, तार षड्जाला शिवून येवो, खाली ते यंत्र तीच चार पावलं टाकत राहतं, आणि हात परतला की समेवर त्याला गाठतं.